शाफ्टातला पीळ

गेल्या महिन्यात गावच्या बंदरावर एका म्हातारीने मला ओळखलं. कोलंबी सोलत बसली होती. डोळे बारीक करून म्हणाली, "तू त्याची भैन ना गो? दर्यानं नेला त्याची?"

"भैन मीच," मी म्हणाले. "पन दर्यानं नाय नेला."

ती पुन्हा कोलंबी सोलायला लागली. शिकून शहरात गेलेल्या पोरींचं डोकं जरा फिरतंच, असं तिला वाटलं असणार.

दर्यानं नेला. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता ते ऐकलं तरी कानशिलं तापतात. किती मऊ वाक्य आहे! त्यात कुणाचा हात नाही, कुणाचं नाव नाही, कुणाला जाब विचारायचा नाही. एकदा म्हटलं की सगळे मोकळे. दर्या काय बोलणार आहे?

मी बंदरावर गेले होते ती कामासाठी. आमच्या भावकीतल्या एका पोराने नवी बोट बांधली होती आणि तिचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा लोखंडी दांडा, बघायला मला बोलावलं होतं. माझं पोट याच कामावर चालतं. फिरणारे शाफ्ट आतल्या आत किती पिळतात ते मी मोजते. सीवूड्सला घर आहे, तिथून गाडी काढली. द्रोणागिरीच्या आसपास पोचले तर रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर उभे, गोदामांच्या निळ्या पत्र्यांनी डोंगराचा पायथा झाकलेला. त्या पत्र्यांच्या जागी पूर्वी मिठागरं होती. सकाळी कोवळ्या उन्हात त्यांच्यावरून गेलं की डोळे दिपायचे आणि ओठांवर खारट चव यायची. दादा मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून त्या मिठागरांच्या बांधावरून एसटीच्या थांब्यावर सोडायचा. बांध अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मिठाच्या राशी. मी ओरडायचे आणि तो मुद्दाम हॅन्डल हलवायचा.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. बाबांचे डोळे गेले तेव्हा त्याला धड मिशी फुटली नव्हती आणि बोट त्याच्या हातात आली. चार खलाशांचा तांडेल झाला, पण पालीला घाबरायचा. घरात पाल दिसली की वादळात सुकाणू धरणारा हा माणूस आयला हाका मारायचा. केसांना खोबरेल चोपडून भांग पाडायचा, आणि दर्यावर कोण बघणार आहे असं विचारलं की म्हणायचा, "मावरं बघतंय ना!"

आमच्या गावात तेव्हा प्रत्येक बोट आवाजावरून ओळखू यायची. इंजिनं जुनी, दोन सिलिंडरची, प्रत्येकीची खोकायची तऱ्हा वेगळी. खाडीच्या तोंडाशी बोट आली की आय चुलीपाशी बसल्या जागी कान टवकारायची. "आपलीच हाय," म्हणायची आणि भाताचं आधण ठेवायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही. भात वाफेवर यायचा तेव्हा दादा दारात उभा असायचा, अंगाला डिझेल, ओली सुतळी आणि ताज्या मासळीचा वास. तो वास आता कुठल्याच बंदरात मिळत नाही. आता नायलॉनचा आणि बर्फाच्या थर्माकोलचा वास येतो.

पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असत. सगळा कोळीवाडा राळेच्या आणि डांबराच्या वासाने भरलेला. बायका पडवीत बसून जाळी दुरुस्त करत आणि मी मांडीवर जाळ्याचं एक टोक घेऊन दादाला कॉलेजात शिकलेलं सांगायचे. मेकॅनिकल इंजिनीअरिंगला जाणारी मी वाड्यातली पहिली पोरगी. वर्गात मुलं माझ्या दप्तराचा वास घेऊन नाक मुरडायची. त्यांचंही काही मी विसरलेले नाही. पण पडवीत मी मास्तरीण असायचे. दादा जाळं विणता विणता विचारायचा, "आज काय शिकवलं तुज्या सरांनी?" आणि खरोखर ऐकायचा. मधेच एखादा प्रश्न असा टाकायचा की मला दुसऱ्या दिवशी सरांना विचारून यावं लागायचं.

एका उन्हाळ्यात जुनं इंजिन पार थकलं आणि नवं आलं. तीन सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं. सानपाड्याच्या एका शोरूममधून. इंजिनाबरोबर कंपनीचे साहेब स्वतः आले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी बाबांच्या वेळचा जुना शाफ्ट काढून कंपनीचा नवा बसवला. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत लांबलचक आणि बारीक लोखंडी शाफ्ट. "एकदम चांगला आहे, काळजी नको," असं त्यांनी त्यावर हात फिरवून सांगितलं. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आयने साहेबांना पापलेटची जोडी दिली. ती पापलेटंसुद्धा मला आज सलतात.

नव्या इंजिनाने बोट गायला लागली. खरंच गायची. वेगाच्या मीटरचा काटा एका ठरावीक आकड्यावर आला की गिअरबॉक्समधून कडकडकड असा आवाज निघे, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा, आणि त्याच्याखाली एक लांब घुमणारा सूर. वेग त्याच्यावर गेला की गप्प. खाली आला की गप्प. वाड्यातली पोरं खूश. "नाखवा, तुजी बोट गाते!" दादाही हसायचा. जाळं ओढताना बोट नेमकी त्याच वेगाने चालवावी लागे, म्हणजे दिवसातला बराच वेळ ती गातच असायची.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला पिळाचं कंपन शिकवलं. म्हणजे असं, की लांब शाफ्टाच्या दोन टोकांना दोन जड चाकं असली की शाफ्ट नुसता फिरत नाही. फिरता फिरता तो पुढे-मागे पिळला जातो. एक टोक जरा पुढे जातं तेव्हा दुसरं जरा मागे राहतं, मग उलट. आय आणि मी विहिरीवर लुगडं पिळायचो तसंच. ती उजवीकडे, मी डावीकडे, आणि मधे कुठेतरी लुगड्याची एक जागा असायची ती दोन्हीकडे जात नसे. शाफ्टातही अशी एक स्तब्ध जागा असते. प्रत्येक शाफ्टाचा पिळण्याचा आपला एक ठेका असतो, आणि इंजिनाचे धक्के नेमके त्या ठेक्यात बसले की पीळ वाढत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. शाफ्ट सरळ फिरताना दिसतो. आत मात्र लोखंड शिणत जातं. हे सांगून सरांनी एक खडू दोन्ही हातांत धरून पिळला. तो तिरका, गोल जिन्यासारखा तुटला. "वाकवून तोडलात तर सरळ तुटतो," सर म्हणाले, "पिळून तोडलात तर असा."

मी वर्गात बसून होते आणि माझ्या कानात आमची बोट गात होती.

मी सरांना मोजमापं नेऊन दिली. शाफ्टाची लांबी, जाडी, पंख्याचं वजन, इंजिनाच्या चाकाचं वजन. आम्ही फळ्यावर हिशोब केला. सरांनी तो परत तपासला आणि चष्मा काढला. "ज्या वेगाला आवाज येतो म्हणतेस, तोच," ते म्हणाले. "शाफ्ट जाड करायला सांग. तोवर त्या वेगावर थांबू नका."

मी घरी येऊन बोटीच्या लाल रंगाच्या डब्यात काडी बुडवली आणि वेगाच्या मीटरच्या काचेवर तेवढ्या भागात पट्टा ओढला. "दादा, ह्या लाल रंगात काटा ठेवायचा नाय. खाली ठेव नायतर वर. मधे थांबू नको."

"आनि जालं कसं ओढू?"

"शाफ्ट बदलेपर्यंत कमी ओढ."

शाफ्ट बदलायचा तर कंपनीला विचारायला हवं होतं, नाहीतर वॉरंटी जाणार. म्हणून साहेबांना बोलावलं. ते आले, इंजिनघरात वाकून उतरले, बोट सुरू करायला सांगितली आणि काटा नेमका लाल पट्ट्यात नेला. बोट गायला लागली. मी फळ्यावरचा हिशोब तोंडी सांगू लागले. साहेबांनी हाताने थांबवलं, आयने दिलेला चहाचा ग्लास उचलला आणि इंजिनाच्या वर, लाकडी झाकणावर ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "सांडला का?"

चहा स्थिर होता. काठाशी जरासा थरथरत होता, बस्स.

"साहेब, ते हलत नाही, पिळतं," मी म्हणाले. "हलणं वरून दिसतं. पिळणं नाही दिसत."

ते हसले. माझ्याकडे बघून नाही, दादाकडे बघून हसले. "बहीण हुशार आहे तुमची. लग्न करून द्या लवकर." चार खलाशीही हसले. दादा हसला नाही, एवढं मला आठवतं. साहेबांनी खिशातून फडकं काढलं, थिनरमध्ये बुडवलं आणि माझा लाल पट्टा पुसून टाकला. "हितेच ठेव काटा," त्यांनी आमच्या बोलीची नक्कल करत दादाला सांगितलं. "ह्याच वेगाला डिझेल कमी लागतं. आणि बोट आहे, आवाज करणारच."

मग उरलेला चहा पिऊन गेले.

त्या संध्याकाळी मी दादाशी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. तो पडवीत बसून ऐकत होता. "तू सांगतंस ते पन खरं वाटतं, बाय," तो म्हणाला, "आनि साहेब सांगतो ते पन. इंजान त्यांनी बनवलंय." मग माझा चेहरा बघून, "बरं. आता नारळी पुनव झाली. ही एक फेरी मारून येतो. आल्यावर जाडा शाफ्ट टाकू. वॉरंटी गेली खड्ड्यात."

मी पट्टा पुन्हा रंगवला. तो गेला.

पुढचं मला चंदरने सांगितलं. चंदर आमचा जुना खलाशी, दादाच्या वयाचा. सकाळची वेळ, आभाळ भरलेलं, वारा उलटा. जाळं ओढून ते परत फिरले होते, खाडीचं तोंड दिसत होतं. बोट गात होती आणि गाता गाता एकदम गप्प झाली. इंजिन चालू, पण पंखा फिरेना. शाफ्ट आतमध्ये तुटला होता आणि त्याचा मागचा तुकडा पंख्यासकट घसरून बाहेर पडला होता. जिथून शाफ्ट जातो त्या भोकातून पाणी आत यायला लागलं. मनगटाएवढी धार, चंदर म्हणाला. मग मांडीएवढी वाटायला लागली. जवळून दुसरी बोट जात होती, तिने दोर टाकला. खलाशी एकेक करून त्या बोटीवर गेले. दादा खाली इंजिनघरात होता. गोणपाट, जाळं, अंगातला सदरा, जे हाताला लागेल ते भोकात कोंबत होता.

"मी हात खाली दिला," चंदर म्हणाला. "तो बोलला, आधी पानी थांबवतो, मंग येतो."

बोट मागच्या बाजूने बसली. पटकन. दादा वर आला नाही.

तो दोन दिवसांनी पलीकडच्या किनाऱ्याला सापडला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. सुतकात बायका येत, आयच्या गळ्यात पडत आणि तेच वाक्य म्हणत. एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. आय भिंतीला टेकून बसलेली असायची, डोळे कोरडे, आणि कुणाच्याच बोलण्याला मान हलवायची नाही. संध्याकाळी खाडीत एखादं इंजिन वाजलं की तिचे कान अजूनही टवकारले जायचे. मग ती उठून परसात जायची.

बोट उथळ पाण्यात बसली होती. उधाणाची ओहोटी बघून गावाने ती चिखलात ओढून आणली. मी गुडघाभर चिखलात इंजिनघरात उतरले. इंजिनाला शाफ्टाचा पुढचा तुकडा तसाच चिकटलेला होता. मी त्यावरचा गाळ पदराने पुसला. तूट तिरकी होती. सरांच्या हातातल्या खडूसारखी, गोल जिन्यासारखी. आणि तुटलेल्या तोंडावर बारीक रेघा होत्या, एकीच्या पुढे एक, ओहोटीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात तशा. म्हणजे तो त्या सकाळी तुटला नव्हता. तो कितीतरी दिवस रोज थोडाथोडा तुटत होता, बोट गात असताना, साहेबांचा चहा झाकणावर स्थिर असताना.

मी तिथे चिखलात बसून ओरडले. रडले नाही, ओरडले. बाहेरच्या माणसांना वाटलं, काहीतरी चावलं.

साहेब आले, बरोबर विम्याचा माणूस घेऊन. त्यांनी तूट पाहिली. पाहिली, हे मी शपथेवर सांगेन, कारण पाहिल्यावर त्यांनी तुटलेल्या तोंडावर हात ठेवला, झाकल्यासारखा. मग म्हणाले, पंखा खडकाला आपटला असणार, नाहीतर जाळ्यात अडकला असणार. तांडेलाची चूक. चंदर म्हणाला, "साहेब, खडक नव्हता तिथं. मी होतो." त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मी रेघा दाखवल्या. साहेब म्हणाले, "अजून शिकतेयस ना तू? आधी पास हो."

लेखी ते तेच राहिलं. तांडेलाचा निष्काळजीपणा.

आय हे सगळं ऐकत होती. पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिने चंदरला तो तुकडा इंजिनापासून सोडवून द्यायला सांगितलं. आपल्या मासळीच्या पाटीत ठेवला, वर केळीचं पान झाकलं आणि पाटी डोक्यावर घेतली. लोखंडाचं ते ओझं. ती दर्याच्या बाजूची बाई, मानेत ताकद होती, तरी पहिल्या पावलाला लटपटली. मी सोबत निघाले. कुठे जातोय ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, मच्छी घेऊन चढायचं नाय."

"मच्छी नाय," आय म्हणाली.

"मंग काय हाय?"

"पोराचा हिशोब हाय."

तो तिकीट फाडून पुढच्या माणसाकडे गेला.

सानपाड्याच्या शोरूममध्ये त्या दिवशी कार्यक्रम होता. आम्हाला ठाऊक नव्हतं. नवं इंजिन आलं होतं, आधीच्याहून मोठं, त्याला झेंडूचा हार. उरणपासून वर वसईपर्यंतचे नाखवे बोलावलेले, पांढऱ्या टोप्या, खुर्च्यांवर बसलेले. साहेब माइकवर बोलत होते. दारातली मुलगी आयला म्हणाली, "मावशी, मच्छी नको आज." आय तिला ओलांडून आत गेली. खुर्च्यांच्या मधून चालत पुढे गेली. समोर काचेचं टेबल होतं, त्यावर पेढ्यांची ताटं. तिने पाटी खाली घेतली, केळीचं पान बाजूला केलं, दोन्ही हातांनी तो तुकडा उचलला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही. ठेवला. तरी काच आरपार तडकली आणि पेढे घरंगळले.

"हा तुमचा माल," आय म्हणाली. "परत घ्या."

माइक चालू होता. सगळ्या हॉलभर तिचा आवाज गेला.

साहेब म्हणाले, "कुणीतरी यांना पाणी द्या." आय खाली फरशीवर बसली, मासळीबाजारात बसते तशी, पाटी पुढ्यात घेऊन. पाणी तिने घेतलं नाही. कुणी उठवायला आलं की नुसती बघायची. शेवटी पोलीस आले. संध्याकाळपर्यंत तिला चौकीत बाकावर बसवून ठेवलं आणि मग सोडून दिलं. आम्ही निघताना हवालदाराने हात जोडले, हे मात्र मला सांगायला हवं.

तो तुकडा आम्हाला परत मिळाला नाही. शोरूमवाल्यांनी भंगारात दिला म्हणे. वाड्यात लोक म्हणाले, म्हातारीने पुरावाच देऊन टाकला, आता कोर्टात काय दाखवणार? मला त्यांचा संताप आला, आयचा कधी आला नाही. कोर्टात कोण जाणार होतं? कोण आमच्यासाठी कोर्टात गेलं असतं, त्या लोकांपैकी? ती ज्यांचं होतं त्यांना देऊन आली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रात्री जेवली.

पण त्या खुर्च्यांवर बसलेल्या नाखव्यांनी ती तिरकी तूट डोळ्यांनी पाहिली होती. त्यांना हिशोब सांगावा लागला नाही. त्या हंगामात आमच्या बंदरात, आणि नंतर कळलं की वरच्या कितीतरी बंदरांत, एकेकाने गुपचूप बारीक शाफ्ट काढून जाडे शाफ्ट टाकले. वॉरंटी गेली तर गेली. कंपनीनेही मग गाजावाजा न करता इंजिनाबरोबर जाडा शाफ्ट द्यायला सुरुवात केली. का, ते कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. शाफ्ट बदलले, आणि दादाविषयी विचारलं की पुन्हा तेच वाक्य. माणूस कशाने मेला हे हातांना कळलं होतं, तोंडाला कळलं नव्हतं.

मी पास झाले. आयुष्यभर हेच काम केलं. मोठ्या जहाजांवर, पंपांवर, कारखान्यांतल्या कॉम्प्रेसरवर. शाफ्टावर बोटाच्या नखाएवढी पट्टी चिकटवायची, तिची तार यंत्राला जोडायची आणि पीळ पडद्यावर बघायचा. पुष्कळ साहेब भेटले. "मॅडम, आवाज तर काहीच नाही" म्हणणारे, "वीस वर्षं चालतंय" म्हणणारे. मी त्यांच्याशी वाईट वागते, असं माझ्या मागे बोललं जातं. बरोबर आहे. मी वाईटच वागते. गोड वागून काय होतं, ते मी पाहिलंय. आय गेली तेव्हा मी एका जहाजावर होते, पोचेपर्यंत तिला बंदरावर आणून ठेवलं होतं. वारा खाडीकडून होता. पाटी कुणीतरी तिच्या पायाशी ठेवली होती.

बंदरावरून परत आले त्याच आठवड्यात फोन आला. आवाज म्हातारा, दम लागलेला. "मी सानपाड्याहून बोलतोय. तुमच्या ऑफिसातून नंबर घेतला. तुम्ही मला ओळखणार नाही."

मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं होतं.

भेटायचं होतं त्यांना. तब्येत बरी नाही, मनात एक गोष्ट राहून गेलीय. मी जाणार नव्हते. रविवारी गेले. सोसायटी जुनी, जिन्यात बुटांचे रॅक. सुनेने दार उघडलं. साहेब खिडकीपाशी खुर्चीत, शाल घेतलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. बारीक झाले होते. पांढरा शर्ट अजून होता.

थोडा वेळ ते माझ्या कामाबद्दल विचारत राहिले. तुमचं नाव ऐकतो, म्हणाले, अभिमान वाटतो. मी म्हटलं, "कामाचं बोला."

मग ते बोलले. खिडकीकडे बघत. "तुमच्या भावाच्या आधी दोन बोटींचे शाफ्ट गेले होते. तेच इंजिन, तसेच बारीक शाफ्ट. बंदराच्या तोंडाशीच तुटले, माणसं वाचली. मी वर कळवलं होतं. वरून आलं, गप्प बसा, स्टॉक संपू दे."

"म्हणजे तुम्ही आमच्या बोटीत उतरलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी मान हलवली.

"मी बोलत होते तेव्हा."

"हो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मूर्ख आहे. मूर्खपणावर मी इतका राग साठवला होता. आणि तो मूर्ख नव्हताच. माझं प्रत्येक वाक्य त्याला समजलं होतं, सरांइतकंच. समजून त्याने फडकं थिनरमध्ये बुडवलं होतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. सून दारात उभी होती. तिला काही माहीत नव्हतं, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नोकरी होती," साहेब म्हणाले. "मुलं लहान होती."

"आमच्याकडेही होती माणसं," मी म्हणाले.

ते रडायला लागले. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न होता. सून पुढे आली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि माझ्याकडे विनवणीने बघायला लागली. मी काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. झालं गेलं, असं काहीतरी. दोन शब्द. मला ते दोन शब्द येत होते, मी दिले नाहीत.

साहेबांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. "मी रोज सकाळी देवापुढे बसतो," ते म्हणाले. "त्याच्यासाठी हात जोडतो. पण मला नाव आठवत नाही. तेव्हा आम्ही तांडेल म्हणूनच लिहिलं होतं. काय नाव होतं हो तुमच्या भावाचं?"

मी उठले. पर्स खांद्याला लावली. ते वाट बघत होते, मान पुढे काढून, लहान मुलासारखे.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही," मी म्हणाले.

"अहो, नुसतं नाव..."

"नाही. तुम्ही तांडेलासाठीच हात जोडा."

आणि मी दार ओढून घेतलं.